पत्र्याची नाव

निंबखडी गावात नुसतं 'नाव' म्हटलं तरी ती पुंजारामची, हे कुणाला सांगावं लागत नसे. धरणाने तुंबलेल्या गोदावरीच्या फुगवट्याच्या काठाला, शेंदूर फासलेल्या साती आसरांच्या दगडांपाशी ती बांधलेली असे. लाकडी, रुंद बुडाची, जड, दरवर्षीच्या डांबराने म्हशीच्या पाठीसारखी काळी झालेली. तरण्या पोरांनी आताशा थर्माकोलचे तराफे केले होते. कुणी ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकी. पुंजाराम त्यांच्याकडे बघून म्हणे, "ह्ये नुसतं पान्यावर बसनं झालं. नावंत बसनं येगळं." आणि म्हणताना छाती थोडी पुढे काढी.

धरण भरलं तेव्हा तो रांगत होता. बापाचं रान पाण्याखाली गेलं आणि बापाने नांगराच्या मुठीचे हात वल्ह्याला लावले. उन्हाळ्यात पाणी हटलं की त्याच रानाचा काठचा तुकडा गाळ अंगाला लावून वर येई. मग माणसं त्यात गाळपेर करत, काकडी-टरबुजं काढत, आणि पावसाळ्यात ते रान पुन्हा निमूट पाण्याला देऊन टाकत.

नावेला माणसं दोन लागत. वल्ह्यांवर पुंजाराम, जाळ्यावर मच्छिंद्र. मच्छिंद्र त्याच्याहून थोडा धाकटा, मागच्याच गल्लीतला. लग्नाआधीपासून दोघं एकत्र पाण्यावर होते. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, हे एकमेकांना सांगावं लागत नसे. मच्छिंद्रने खांदा जरा वळवला की पुंजारामचं वल्हं थांबे. किनाऱ्याला लागल्यावर मासळीचे ढीग पडत ते तीन. एक पुंजारामचा, एक मच्छिंद्रचा, एक नावेचा. नावेचा वाटा नाववाल्याने उचलायचा, ही काठावरची रीत. ढीग पुंजारामच घाली. मच्छिंद्र तोवर जाळं झटकत पलीकडे उभा असे, आणि तिसऱ्या ढिगाकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

पुंजारामची लेक अश्विनी नगरला सावेडीत दिलेली. दिवाळीत तिला भेटायला गेला असताना तो दुपारचा पाय मोकळे करायला निघाला, आणि एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाआड त्याला ती दिसली. पत्र्याची नाव. अॅल्युमिनियमची, लांबुळकी, नाकाशी निमुळती. कडेला रिबिटांची ओळ, एखाद्या बाईने काळजीपूर्वक टाके घालावेत तशी. बाजूवर इंग्रजी अक्षरं होती, पण रंग उडून त्यांची नुसती सावली राहिली होती. आणि नावेत माती भरून पुदिना लावलेला.

बंगल्यातल्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांच्या वडिलांनी हौसेने कुठूनशी आणली होती, म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी मुळा धरणावर घेऊन जायचे, गळ टाकून दिवसभर बसायचे. आता बंगला पाडून फ्लॅट होणार होते. "कुणी नेली तर बरंच होईल," बाई सहज म्हणाल्या.

पुंजारामने कुंपणावरून हात घालून पत्र्याला स्पर्श केला. उन्हाने तापलेला होता. त्या मुक्कामात तो आणखी दोनदा त्या गल्लीतून गेला, आणि दोन्ही वेळा अश्विनीला म्हणाला, "तंबाखू आनाय गेल्तो."

घरी आल्यावर त्याने ही गोष्ट लंकाबाईला, बायकोला, सांगितली नाही. मच्छिंद्रला सांगितली, पण थट्टेवारी. जाळं सोडता सोडता म्हणाला, "शेरातल्या लोकायची तऱ्हाच न्यारी. नावंत पुदिना लावत्यात." मच्छिंद्र हसला, कुठे म्हणून विचारलं, बंगल्याची खूण विचारली. पुंजारामने तीही सांगितली. मनात मात्र ती नाव त्याने केव्हाच काठाला आणून बांधली होती. हंगाम सरला की जायचं, असं ठरवलं होतं. ते ठरलेलं त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, एवढंच.

संक्रांतीनंतर एका सकाळी गावात टेम्पो आला. हौद्यात नाव, तिला धरून उभा मच्छिंद्र. अजून मातीचे डाग होते, पण उन्हात ती अशी चमकत होती की शाळेच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनीही कपाळावर हात धरून पाहिलं.

"भाऊ!" मच्छिंद्र वरूनच ओरडला, "तुझ्यामुळं घावली बघ! तू सांगितली नसती तर आपल्याला कुठलं ठावं!"

पुंजाराम हसला. ते हसू चेहऱ्यावर आणायला त्याला जी मेहनत पडली, ती भरलं जाळं ओढायलाही कधी पडली नव्हती.

नव्या नावेची पूजा जुन्या नाववाल्याने करायची. मच्छिंद्रने त्यालाच बोलावलं. रतनबाईने, मच्छिंद्रच्या बायकोने, ताट धरलं. पुंजारामने हळदीकुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे नावेच्या नाकावर फोडायला नारळ उगारला.

"आरं, आरं! पत्र्याला पोचा पडंल!" मच्छिंद्रने त्याचं मनगटच धरलं.

माणसं हसली. नारळ शेवटी साती आसरांपाशी दगडावर फुटला. पुंजारामच्या मनगटावर मच्छिंद्रची बोटं बराच वेळ जाणवत राहिली. लाकडी नावेच्या नाकावर आजवर कितीतरी नारळ फुटले होते आणि तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

खरं दुखणं पुढेच होतं. ती नाव चालवायला एकटा माणूस पुरे होता. मच्छिंद्र एका हाताने तिला पाण्यात ढकली, एकटाच वल्हवी. जाळंही नेत नसे. बंगल्यातल्या बाईंनी वडिलांची गळाची काठीही देऊन टाकली होती, चरखीची. ती घेऊन तो मधल्या बाकावर बसे, गळ टाकी आणि नुसता बसे. मासा लागला तर लागला. पायाशी मोबाईलवर जुनी गाणी चालू. कधी मरळ घेऊन येई, कधी रिकामा. रिकामा आला तरी चेहरा असा, जणू कुणाच्या लग्नाचं जेवून आलाय.

"उद्या येतोस का जाळ्याला?" पुंजाराम विचारी.

"उद्याच्याला राहू दे भाऊ. परवा बघू."

परवा आला तर आला. लाकडी नाव खुंटीला डुलत राही. पुंजाराम कडेला बसून जाळ्याची भोकं शिवी, जिथे भोकं नव्हती तिथेही. आणि डोळा पाण्यावर. दुपारी फुगवटा करडा, सपाट असे, आणि त्यात दूर एक चकाकता कण. गाळपेरीत काकडीचे वेल फिरवतानाही तो कण दिसे. पाठ करून बसलं तरी आहे हे कळे. मच्छिंद्र त्याला सोडून गेला होता म्हणून वाईट वाटतंय की मच्छिंद्रच्या बुडाखाली ती नाव आहे म्हणून, हे त्याने स्वतःला नीट विचारलं नाही. दोन्हीचा काटा एकाच जागी रुतत होता.

मग एक दिवस लंकाबाई त्या नावेत बसली.

जाळ्याच्या नावेत बाईने पाय ठेवायचा नाही, हा काठावरचा नेम. मच्छिंद्रच्या नावेला अजून जाळं लागलं नव्हतं. म्हणून त्याने रतनबाईला फिरवून आणलं होतं, आणि रतनबाईने मैत्रिणीला ओढलं. पाणी हटल्यावर बुडालेल्या जुन्या गावाच्या देवळाचा कळस वर यायचा, तिथवर त्या दोघी जाऊन आल्या. लंकाबाई घरी आली ती पदर ओला, गाल लाल.

"अवो, पार कळसाला हात लावून आले. माझ्या सासूचं लगीन त्याच देवळात लागल्यालं म्हनत्यात. आनि काय हलकी वो ती नाव! पान्यावर हाये का हवेत, त्येच कळंना."

"भाकरी वाढ," पुंजाराम म्हणाला.

"तुमी कधी न्हेलं न्हाई तिथवर."

"माझी नाव जाळ्याची हाय."

"व्हय, तेच म्हनते मी." लंकाबाईने ताट ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

चैत्र लागला आणि पत्र्याची नाव गळू लागली. इतकी वर्षं कोरडी पडलेली, मातीने भरलेली. रिबिटांपासून पाणी झिरपे, तासाभरात घोट्यापर्यंत येई. मच्छिंद्र पितळी पातेल्याने उपसून दमला आणि पुंजारामकडे आला. नावेचं दुखणं सगळं गाव त्यालाच विचारत आलं होतं.

पुंजारामने नाव उपडी करून पाहिली. तिच्या पोटावरून त्याने पहिल्यांदाच मनसोक्त हात फिरवला. मग उभा राहिला, हात झटकले आणि म्हणाला, "लई दिवस सुकी ऱ्हायली ना. बुडवून ठेव. फुगंल, बसंल जागेवर."

उन्हाळ्यात लाकडी नावेचं हेच करत. फळ्या सुकून सांधे उघडले की दगड घालून नाव काठाशी बुडवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. मच्छिंद्रने मान डोलावली. त्यालाही यात वावगं काही दिसलं नाही. नाव तरंगती राहावी म्हणून बाकांच्या पोटात भरलेला थर्माकोल त्याने आधीच उपसून फेकला होता, त्यात उंदरांची घरं होती. नेहमीएवढेच दगड घालून, नेहमीसारखी दोरी बांधून त्याने नाव बुडवली. लाकडी नाव बुडतानाही वर येऊ बघते, दगडांशी भांडते. ही कळशीसारखी गपकन गेली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर कारभारीच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे माणसं चहा पीत बसली होती, त्यांत मच्छिंद्र आणि पुंजारामही. कारभारीने विचारलं, "मच्छिंद्र, नाव कुठाय रं?"

"बुडीवलीया. फुगाय."

कारभारीने डोळ्यावरची काळी काच वर केली. "काय फुगाय?"

"नाव."

"आरं बाबा, पत्रा फुगतो व्हय? माझ्या दुकानात ह्यो ढीग पडलाय पत्र्याचा, न्हेऊन टाक पान्यात. फुगला तर निम्मा तुझा!"

जो हशा उठला तो थांबेना. कुणीतरी म्हणालं, "कुनी सांगितलं ह्ये?" मच्छिंद्रने पुंजारामकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

पुंजारामच्या हातात कप होता. कारभारी बोलला त्याच क्षणी त्याला ते कळलं होतं. पत्रा. पत्रा कसा फुगेल? उभा जन्म नावेत गेलेल्या माणसाला हे सुचू नये? तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "पुंजाभाऊ, मच्छिंद्राला भारी बनवलंत राव! एक नंबर!"

आणि पुंजाराम हसला. मिशीतल्या मिशीत, सगळं ठाऊक असल्यासारखा. त्याच्या पाठीवर थाप पडली. कारभारीने आपल्याकडून दुसरा चहा सांगितला. मच्छिंद्र कप तसाच ठेवून उठला. जाताना त्याने चप्पल दोनदा चुकीच्या पायात घातली.

काठावर जाऊन त्याने दोरी ओढली, तर ती हलकी, रिकामी आली. पत्र्याच्या कडेला घासून तुटली होती. नाव होती तिथे नव्हती. काठचा गाळ उताराचा, आणि पत्र्याला धरून राहायची सवय नाही. ती घसरत कुठेतरी खोल गेली होती.

त्या संध्याकाळी पाण्यावर चकाकता कण नव्हता. पुंजाराम आपल्या नावेच्या कडेला पाय सोडून बसला. किती तरी दिवसांनी फुगवटा पूर्वीसारखा दिसत होता, आणि ते त्याला गोड लागलं. तंबाखूची चिमूट त्याने सावकाश, चव घेत धरली. दुसऱ्या संध्याकाळीही तो तिथेच बसला. पण नजर पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेवरच जात होती.

मच्छिंद्र कुणाचा तरी तराफा मागून आणून बांबूने गाळ चाचपत फिरत होता. भलत्याच बाजूला, देवळाच्या अंगाला. पुंजारामला ते काठावरूनच कळत होतं. बुडालेलं ते रान त्याच्या बापाचं. पाणी अगदी आटलं होतं त्या वर्षी त्याने स्वतः तिथे टरबुजं लावली होती. उतार देवळाकडे नाहीच, उतार जुन्या ओढ्याकडे. ओढ्याच्या तोंडाशी बांध, बांधावर बाभळीचं खोड. घसरलेलं काहीही तिथेच जाऊन अडणार. तो डोळे मिटून बोट ठेवू शकला असता.

पण आता जाऊन सांगितलं, तर गाव काय म्हणणार? यानेच बुडवायला लावली, यालाच ठाऊक कुठे आहे. थट्टा होती तोवर ठीक. मग ती थट्टा उरणार नाही. आणि नाही सांगितलं, तर ज्येष्ठात वरून पाणी येईल, गाळ चढेल.

"तुमाला ठावं हुतं का?" रात्रीची भाकरी थापताना लंकाबाईने विचारलं.

"काय?"

"पत्रा फुगत न्हाई त्ये."

चुलीतलं लाकूड पुंजारामने उगाच पुढे सारलं.

"ठावं असून सांगितलं आसंल," लंकाबाई म्हणाली, "तर मग मी रतनच्या दारात जायची न्हाई. तोंड न्हाई मला. आनि ठावं नसंल, तर तसं सांगा की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! लंकाबाईला काय ठाऊक. नावेचं ज्ञान सोडलं तर पुंजारामजवळ होतं काय? रान पाण्याखाली, लेक सासरी. गावाने त्याला लबाड म्हटलं तर चालत होतं, लबाडीत हुशारी असते. अडाणी म्हणू नये. आणि त्याहून खोल एक गोष्ट होती, जिच्याकडे तो बघत नव्हता. 'बुडवून ठेव' म्हणताना त्याच्या तोंडाला किंचित गोडवा आला होता. काही दिवस तरी ती नाव दिसणार नाही, याचा. लबाडी नव्हती ती. पण ती काहीच नव्हती असंही त्याला म्हणता येईना.

सकाळी तो स्टँडवर गेला. तीच माणसं, तेच कप. बसला नाही.

"कारभारी," तो म्हणाला, "त्या नावंचं. मी काय मच्छिंद्राला बनवलं न्हवतं."

"म्हंजी?"

"मला बी वाटलं हुतं, फुगंल."

क्षणभर कुणाला उमगेना. मग कारभारीच्या हातातला चहा हिंदकळला. "तुला बी? पुंजा, तुला बी?" आणि परवाच्यापेक्षा मोठा हशा फुटला. कुणी मांडीवर थापा मारत होतं, कुणी डोळे पुसत होतं. "तरीच म्हनलं, दोघांची जोडी जमली कशी!" पुंजाराम त्या हशाच्या मधोमध उभा राहिला. पळून जावंसं वाटलं, पण पाय हलवले नाहीत. हशा ओसरल्यावर म्हणाला, "तुझा विहिरीतली कळशी काढायचा गळ दे. आनि दोरखंड."

मच्छिंद्र काठावर बांबू तासत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"कुठं हाय मला ठावं हाय," पुंजाराम म्हणाला.

"ठावं असनारच."

"जागा ठावं हाय. फुगायचं न्हवतं ठावं. स्टँडवर सांगून आलो. जा, इचार जाऊन. अजून हसत आसत्याल."

मच्छिंद्र बराच वेळ बांबू तासत राहिला. गावाच्या अंगाने खरोखरच हसण्याचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, "आपन दोघं बी येडेच म्हनायचं."

"मी जास्त. ऊठ आता. माझ्या नावंला दोन मानसं लागत्यात."

लाकडी नाव सुटली. पुंजाराम वल्ह्यावर, मच्छिंद्र नाकाशी गळ घेऊन. ओढ्याच्या तोंडाशी पुंजारामने वल्हं थांबवलं. मच्छिंद्रने गळ सोडला, खांदा जरासा डावीकडे वळवला, आणि नाव तेवढीच डावीकडे सरकली. खाली काहीतरी खणकन वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण दोघांनीही ऐकलं. मच्छिंद्रने बुडी मारून दगड काढून टाकले, दोरखंड गंमत बघायला काठावर जमलेल्या माणसांनी ओढला. नाव वर आली ती गाळाने लडबडलेली, म्हशीसारखी काळी. पुंजारामला वाटलं, अशीच राहिली तर किती बरं. पण मच्छिंद्रने पातेलंभर पाणी मारलं आणि खालून पुन्हा ती चमक निघाली.

रिबिटं कारभारीने ठोकून, फटींत लांबी भरून दिली. काम करताना तो मधूनच "फुगली का?" विचारी आणि एकटाच हसे. पुढे महिनाभर गावात कुणीही कुणाला काही विचारलं की उत्तर यायचं, बुडवून ठेव. पुंजाराम ऐकून घेई. लंकाबाई रतनबाईकडे जाऊ-येऊ लागली.

अक्षय्य तृतीयेनंतर एक दिवस मच्छिंद्र म्हणाला, "भाऊ, पत्र्याच्या नावंवरनं जाळं टाकून बघू का? वल्ही तू घे."

पुंजाराम प्रथमच तिच्यात बसला. वल्हं नेहमीच्या जोराने ओढलं आणि नाव अशी सणकन पुढे गेली की मच्छिंद्र जाळ्यासकट मागे कलंडला. "हळू! माझी हाय ती!"

"ठावं हाय," पुंजाराम म्हणाला. लंकाबाई म्हणाली ते खरं होतं. पाण्यावर आहे की हवेत, कळत नव्हतं. इतकं सुख त्याच्या हातांना वल्ह्याने कधी दिलं नव्हतं, आणि ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं. दर ओढीला तो सुखावत होता आणि दर ओढीला काटा थोडा आत जात होता.

जाळं बरं लागलं. चिलापी, दोन वाम, आणि एक कटला, हातभर लांब, खवल्यांची नाणी ल्यालेला. किनाऱ्यावर पुंजाराम सवयीने उकिडवा बसला आणि ढीग घालू लागला. एक आपला. एक मच्छिंद्रचा. एक नावेचा. नाव कुणाची हे आठवून त्याचा हात कटल्यावर थांबला. मच्छिंद्र नेहमीसारखा पलीकडे जाळं झटकत उभा होता.

पुंजारामने कटला तिसऱ्या ढिगावर ठेवला. ठेवून मान फिरवायला हवी होती. पण ती फिरेना. कटल्याचं चंदेरी अंग अजून धपापत होतं, आणि त्याचे डोळे त्या तिसऱ्या ढिगावरून हलायला तयार नव्हते. इतकी वर्षं मच्छिंद्रने तिकडे पाहिलं कसं नसेल, याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नवल वाटलं.